एका फेरीत आठ चित्रं

प्राग, साल १८२०. बाल्डुइन हा शहरातला पहिल्या नंबरचा तलवारबाज विद्यार्थी, पण खिशाने कफल्लक. त्याच्या खोलीवर स्कापिनेली नावाचा एक विक्षिप्त म्हातारा येतो. एवढ्याशा थैलीतून टेबलावर सोन्याची नाणी ओतू लागतो. थैली रिकामी होत नाही, ढीग मात्र वाढत जातो. मग तो करार पुढे सरकवतो. एक लाख नाणी बाल्डुइनची; बदल्यात खोलीतली हवी ती एक गोष्ट म्हाताऱ्याची. बाल्डुइन खूश, कारण त्या खोलीत नेण्याजोगं काही असेल तर ना! तो सही ठोकतो. म्हातारा आरशाकडे बोट दाखवतो. आरशातला बाल्डुइन चौकट ओलांडून खोलीत उतरतो आणि म्हाताऱ्यापाठोपाठ दारातून चालता होतो.

‘डेर श्टुडेंट फॉन प्राग’, म्हणजे ‘प्रागचा विद्यार्थी’, हा मूकपट २२ ऑगस्ट १९१३ रोजी बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं श्रेय तिघांना मिळतं. कथा हान्स हाइन्झ एवर्सची, दिग्दर्शन डेन्मार्कच्या स्टेलान रूएचं आणि दोन्ही बाल्डुइन पाउल वेगेनरचे. चौथं नाव बहुतेक वेळा तळटीपेत सापडतं: कॅमेरामन गीडो झेबर, वय ३४, मूळचा केमनिट्सचा. आरशातून माणूस बाहेर काढला तो त्याने. त्यासाठी त्याच्यापाशी होता हाताने फिरवायचा कॅमेरा, काळे आडोसे आणि न चुकणारी मोजणी.

पुढच्या दशकात ‘डॉ. कॅलिगारी’ आला, ‘नोस्फेराटू’ आला, आणि जर्मन मूकपट म्हणजे भुतं, सावल्या, दुभंगलेली मनं असं समीकरणच झालं. त्याची मुळं समीक्षकांनी रोमँटिक साहित्यात शोधली, चित्रकलेत शोधली, हरलेल्या महायुद्धात शोधली. हे सगळं खरं आहे. पण झेबरची कारकीर्द नीट पाहिली तर आणखी एक मूळ हाती लागतं. ते फोटो स्टुडिओच्या अंधारखोलीत आहे आणि तिथे कविता कमी, हिशेब जास्त आहे.

मनगट आणि वही

त्या काळी कॅमेऱ्याच्या हँडलची एक फेरी म्हणजे फिल्मवर आठ चित्रं. सेकंदाला दोन फेऱ्या घातल्या की सोळा चित्रं, आणि हाच तेव्हाचा साधारण वेग. मोटर नव्हती, वेग कॅमेरामनच्या मनगटात होता. हात मंदावला की पडद्यावरची माणसं धावत सुटायची, हात जलद चालला की रेंगाळायची.

आता एकच नट एकाच चौकटीत दोनदा दाखवायचा आहे. आधी कॅमेरा असा जखडून टाकायचा की केसभरही हलणार नाही. लेन्ससमोर काळा आडोसा लावून अर्धी चौकट झाकायची. उघड्या अर्ध्यात नटाने पहिल्या माणसाचं काम करायचं आणि कॅमेरामनने फेऱ्या मोजत राहायच्या: कितव्या फेरीला त्याने मान वळवली, कितव्या फेरीला पाऊल उचललं. मग लेन्स बंद करून फिल्म उलटी फिरवत बरोबर पहिल्या खुणेवर आणायची. आडोसा दुसऱ्या अर्ध्यावर सरकवायचा. आता त्याच नटाने दुसऱ्या जागी उभं राहून, समोरच्या मोकळ्या हवेकडे पाहत दुसऱ्याचं काम करायचं. बाजूला उभा असलेला माणूस आकडे पुकारणार, त्या आकड्यांवर नट दचकणार, मागे सरणार, तलवारीला हात घालणार.

एखादी फेरी इकडची तिकडे झाली, तर पहिला बाल्डुइन दचकायच्या आधीच दुसरा समोर हजर. चूक कळणार ती निगेटिव्ह धुतल्यावर, आणि कळली की दोन्ही बाजू पहिल्यापासून. दोन अर्धांमधली शिवण दिसू नये म्हणून ती खांबाच्या, दाराच्या किंवा झाडाच्या बुंध्याच्या कडेला लपवायची. बाहेरच्या चित्रीकरणात सूर्याचीही मर्जी सांभाळायची. सावल्या सरकायच्या आत दुसरी खेप उरकली नाही, तर एकाच बागेत दोन वेगळ्या वेळा दिसणार.

ही युक्ती झेबरने शोधली असं मात्र नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसने १९००च्या आसपास स्वतःच्या अनेक प्रती एकाच पडद्यावर नाचवल्या होत्या. पण मेलिएसचे प्रयोग रंगमंचावरच्या जादूसारखे होते. प्रेक्षकाने हसावं, टाळी वाजवावी. वेगेनरला भीती हवी होती. पुढे १९१६ मधल्या एका व्याख्यानात त्याने सांगितलं की, एक माणूस स्वतःशीच पत्ते खेळतोय, स्वतःशीच तलवार लढवतोय असे गमतीचे फोटो पाहून त्याला या चित्रपटाची दिशा सुचली. असे फोटो त्या काळच्या स्टुडिओवाल्यांच्या हातचा मळ होते. चित्रपटाचा खरा कवी कॅमेराच असायला हवा, असंही त्याचं म्हणणं होतं. गंमत अशी की, या कवीला साथ द्यायला जो माणूस त्याच्या शेजारी उभा होता, तो एका फोटोग्राफरच्या घरातच वाढला होता.

केमनिट्सची अंधारखोली

केमनिट्स हे सॅक्सनी प्रांतातलं कापडगिरण्या आणि यंत्रांचं शहर. धुरांडी इतकी की लोक त्याला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणत. तिथे क्लेमेन्स झेबर यांचा फोटो स्टुडिओ होता. गीडोचा जन्म २२ जून १८७९चा. शाळेनंतरचं शिक्षण वडिलांच्या हाताखाली झालं: काचा धुणं, रसायनं कालवणं, निगेटिव्हवर ब्रशने हात फिरवणं, गिऱ्हाइकाची मान योग्य कोनात वळवणं.

१८९५च्या नोव्हेंबरात स्क्लाडानोव्स्की बंधूंनी बर्लिनच्या विंटरगार्टनमध्ये आणि डिसेंबरात ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये हलती चित्रं दाखवली. केमनिट्सच्या बापलेकांना या नव्या खुळाने लगेच झपाटलं. बर्लिनच्या ऑस्कर मेस्टरकडून त्यांनी यंत्र आणलं, ते खोलून पाहिलं आणि स्वतःचं बनवलं. नाव ठेवलं ‘झेबरोग्राफ’. त्यांनी शहरातली दृश्यं टिपली, धुतली, छापली आणि दाखवलीही. १९०० मध्ये चीनमधला बॉक्सर उठाव मोडायला जर्मन सैन्य ब्रेमरहाफेनच्या बंदरातून निघालं, तेव्हा धक्क्यावर कॅमेरा लावून उभ्या असलेल्यांत विशीतला गीडो झेबर होता. पुढे ग्रामोफोनच्या तबकडीशी चित्र जुळवून ‘बोलपट’ दाखवण्याच्या खटपटीतही तो पडला.

दिग्दर्शक, लॅबवाला, प्रोजेक्टर चालवणारा, दुरुस्ती करणारा असे वेगळे हुद्दे अजून ठरलेच नव्हते. ज्याला यंत्र कळत होतं तो सगळंच करत होता. त्यामुळे पुढे आयुष्यभर झेबरने कॅमेऱ्याकडे तयार वस्तू म्हणून कधी पाहिलं नाही. हवं ते जमत नसेल तर यंत्रच बदलायचं, ही सवय त्याला केमनिट्सने लावली.

१९१०च्या ‘गूढ आगपेटी’ या छोट्या फिल्ममध्ये ती सवय दिसते. आगपेटीतल्या काड्या आपल्या आपण बाहेर येतात, रांगेत लागतात, आकृत्या मांडतात, पुन्हा मोडतात. इथे कॅमेऱ्याच्या एका फेरीत आठ चित्रं घेऊन चालत नाही; एका वेळी एकच चित्र. काडी जराशी सरकवा, एक चित्र घ्या, पुन्हा सरकवा. तेव्हा झेबर बर्लिनच्या डॉइचे बिओस्कोप या कंपनीचा तांत्रिक प्रमुख होता.

गावाबाहेरचं काचघर

बिओस्कोपचा स्टुडिओ बर्लिनच्या शॉसेश्ट्रासेवरच्या एका इमारतीत अगदी वर होता. उजेड हवा म्हणून सगळेच चित्रपटवाले तेव्हा माळ्यावर आणि गच्चीवर चढून बसत. पण फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगीला टपलेली. त्यात कडक उष्णतेचे आर्क दिवे. भरवस्तीत आगीची भीती, अग्निसुरक्षेचे नियम आणि वाढतं काम यांचा मेळ बसेना. नवी जागा शोधायचं काम झेबरवर आलं.

ती त्याला सापडली पोट्सडामजवळ नोयबाबेल्सबर्गमध्ये. रिकामी पडलेली एक कारखान्याची इमारत आणि भोवती मोकळं माळरान. इमारतीत लॅब, कचेरी, सामानाच्या खोल्या बसणार होत्या. शेजारी उंच घरं नसल्यामुळे दिवसभर सावली पडणार नव्हती, आग लागली तरी शेजार जळणार नव्हता, आणि मोठा बाह्य देखावा उभा करायचा तर जागाच जागा. १९११-१२च्या हिवाळ्यात कारखान्याला लागून लोखंड आणि काचेचा स्टुडिओ उभा राहिला. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी तिथे पहिलं चित्रीकरण सुरू झालं: ‘डेर टोटेनटान्झ’, ‘मृत्यूचं नृत्य’. दिग्दर्शक उर्बान गाड, नायिका आस्टा नील्सन, कॅमेऱ्यामागे झेबर.

काचघरात काम करणं म्हणजे सुख नव्हे. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात तोकडा दिवस. तेव्हाची फिल्म निळ्याला जागी आणि लाल रंगाला आंधळी होती. त्यामुळे निळं आकाश पांढरंफटक यायचं आणि गालावरची लाली काळवंडायची. कॅमेरामनला डोळ्यांना दिसणारा रंग विसरून फिल्मला काय दिसेल ते आधीच ओळखावं लागे. पण झेबरने निवडलेली ती जागा टिकली. १९२० मध्ये बिओस्कोप डेक्ला कंपनीत मिळाली, पुढच्या वर्षी तिला ऊफा या बड्या चित्रपट कंपनीने गिळलं, आणि त्याच आवारात पुढे ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘नीलपरी’ झाले. आज बाबेल्सबर्ग हा जगातल्या सर्वांत जुन्या मोठ्या स्टुडिओंपैकी एक गणला जातो. त्याच्या जन्माची गोष्ट सांगताना उद्योगपतींची नावं येतात. पण जमीन पाहून ‘हीच’ म्हणणारा एक कॅमेरामन होता.

भुताला पत्ता मिळतो

‘प्रागचा विद्यार्थी’ची बाह्यदृश्यं खुद्द प्रागमध्ये टिपली आहेत. जुन्या वाड्यांचे जिने, कमानी, बागा आणि तिथल्या खऱ्या उन्हात समोरासमोर उभे राहिलेले दोन बाल्डुइन. त्या चित्रपटाची सगळी ताकद या खरेपणात आहे. भूत धुरकट नाही, पारदर्शक नाही. ते तसाच कोट घालून, तितक्याच ठसठशीत सावलीसह उभं असतं.

एक प्रसंग पाहा. सरदारकन्या मार्गिटच्या वाग्दत्ताशी बाल्डुइनचं द्वंद्व ठरतं. त्याला मारणार नाही असा शब्द बाल्डुइन तिच्या वडिलांना देतो. ठरलेल्या जागी निघतो, तर वाटेत रानात समोरून तो स्वतःच येताना दिसतो, तलवार पुसत. काम उरकून परतलेला. दोघांत शब्द नाही, झटापट नाही. हे जे अंतर आहे, ते काही अंशी तंत्राच्या मर्यादेतून आलेलं आहे: मधली अदृश्य शिवण दोघांपैकी कुणी ओलांडली तर युक्ती फसते. झेबर आणि रूए यांनी त्या मर्यादेचंच भांडवल केलं. दुसरा बाल्डुइन जवळ येत नाही, हात लावत नाही, नुसता असतो. पुढच्याच वर्षी फ्रॉइडचा शिष्य ओटो रांक याने ‘दुसरा मी’ या विषयावर दीर्घ निबंध लिहिला, तेव्हा सुरुवात याच चित्रपटापासून केली.

प्रागच्या मुक्कामातच वेगेनरने मातीच्या पुतळ्याची, गोलेमची दंतकथा ऐकली. १९१५चा ‘गोलेम’ त्याने झेबरच्या कॅमेऱ्यावर केला. आज त्याचे तुकडेच उरले आहेत. लोक पाहतात तो १९२०चा दुसरा ‘गोलेम’, आणि तो कार्ल फ्रॉइंडने टिपलेला. ‘प्रागचा विद्यार्थी’चं नशीब बरं. म्युनिकच्या फिल्म म्युझियमने त्याची नव्याने जुळवणी केली आणि २०१३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, तो पुन्हा नीट पाहता आला.

आस्टा आणि ग्रेटा

भुतांचा कॅमेरामन असा शिक्का मारून झेबरला मोकळं करता येत नाही, कारण त्याच्या कारकिर्दीचा दुसरा धागा एका चेहऱ्याचा आहे. डेन्मार्कची आस्टा नील्सन १९११ पासून जर्मनीत काम करू लागली, आणि तिचे एकामागून एक चित्रपट झेबरने टिपले. हातवारे करून अभिनय करण्याच्या त्या काळात ती पापणीने, खांद्याने, थांबण्याने बोलायची. अशा नटीसमोर कॅमेरा किती दूर ठेवायचा, उजेड कुठून घ्यायचा, हे ठरवणं तिच्या अभिनयाचाच भाग होतं.

१९२५ मध्ये जी. डब्ल्यू. पाब्स्टच्या ‘डी फ्रॉइडलोझं गास्सं’, ‘आनंदहीन गल्ली’त ती झेबरसमोर पुन्हा आली. या वेळी तिच्याबरोबर होती एकोणीस वर्षांची एक स्वीडिश मुलगी, ग्रेटा गार्बो. महायुद्धानंतरचं व्हिएन्ना, चलन मातीमोल, आणि मटणाच्या दुकानासमोर रात्रभर ताटकळणारी बायकांची रांग. वेर्नर क्राउसचा खाटीक कुणाला किती मांस द्यायचं ते त्या बाईकडे पाहून ठरवतो. इथे झेबर आणि त्याच्या जोडीदारांनी कॅमेऱ्याच्या करामती बाजूला ठेवल्या. ओली भिंत, दुकानाच्या दारातला उजेड आणि त्याच्या कडेला थकलेले चेहरे, बस्स.

गार्बोविषयी एक किस्सा त्या मंडळींत सांगितला जाई. कॅमेऱ्यासमोर ती इतकी बावरायची की गालाचा स्नायू थरथरायचा. उपाय म्हणून कॅमेरा थोडा जलद फिरवला गेला, म्हणजे पडद्यावर हालचाल किंचित संथ होऊन थरथर विरून जावी. किस्सा शंभर टक्के तसाच घडला असेल किंवा नसेल, पण तंत्र म्हणून तो चोख आहे. हँडलच्या काही जास्तीच्या फेऱ्या हेही चेहऱ्याला दिलेलं अभयच. त्याच वर्षी गार्बो हॉलीवूडला गेली.

नील्सनशी झेबरची गाठ १९२७च्या ‘डिर्नेनट्रागोडी’त पुन्हा पडली. वय उतरणीला लागलेली एक वेश्या आणि तिला शेवटची वाटणारी एक आशा अशी ती कथा. फुटपाथवरून चालणारी पावलं वारंवार दिसतात. सगळी गल्ली जणू गुडघ्याच्या उंचीवरून सांगितली जाते. सोळा वर्षांपूर्वी तिला टिपायला लागलेल्या माणसानेच तिचं थकणंही टिपलं, आणि लपवलं नाही.

चाकांवर

१९२४च्या जानेवारीत दिग्दर्शक लुपू पिकचा ‘सिल्व्हेस्टर’ झळकला. वर्षअखेरची एकच रात्र, एका कॅफेचा मालक, त्याची बायको, त्याची आई आणि त्या दोघींच्या ओढाताणीत पिचणारा तो. पटकथा कार्ल मायरची. बाहेर रस्त्यावर नववर्षाचा धुमाकूळ आणि आत घुसमट, हा विरोध शब्दांनी सांगायचा नाही, कॅमेऱ्याच्या चालीने सांगायचा, असा मायरचा हट्ट होता. झेबर आणि त्याचा सहकारी कार्ल हासेलमान यांनी कॅमेऱ्याला चाकं लावून गर्दीतून फिरवलं.

त्याच वर्षी डिसेंबरात मुर्नाऊचा ‘शेवटचा माणूस’ आला. पटकथा पुन्हा मायरचीच. त्यात कार्ल फ्रॉइंडने कॅमेरा छातीला बांधला आणि सायकलवरही चढवला. जगभर गाजला तो फ्रॉइंडचा ‘मुक्त कॅमेरा’, आणि ते योग्यच होतं. त्या चित्रपटात चाल अधिक निर्भय आहे. पण आधीच्या अकरा-बारा महिन्यांचा हिशेबही मांडायला हवा.

स्वप्नाची जुळणी

१९२५ मध्ये ऊफाने मनोविश्लेषणावर चित्रपट काढायचं ठरवलं: ‘गेहाइमनिस्सं आइनर झेलं’, ‘एका मनाची गुपितं’. फ्रॉइडने स्वतःचं नाव द्यायला साफ नकार दिला. त्याचे सहकारी कार्ल आब्राहाम आणि हान्स झाक्स यांनी सल्ला दिला. दिग्दर्शक पाब्स्ट, कॅमेऱ्यावर झेबर आणि सहकारी. कथेतला रसायनशास्त्रज्ञ शेजारच्या खुनाची बातमी ऐकतो आणि त्याला सुरीचीच धास्ती बसते.

मधलं स्वप्न म्हणजे झेबरच्या सगळ्या आयुष्याची बेरीज आहे. माणूस हवेत झेप घेतो, जमिनीतून मनोरा वळसे घेत वर येतो, त्यातल्या घंटांचे बायकांचे चेहरे होतात आणि ते त्याला हसतात. हे थर झेबरने कॅमेऱ्यातच एकावर एक चढवले. म्हणजे एकच फिल्म पुन्हापुन्हा मागे फिरवायची, दर वेळी नवा थर, दर वेळी आधीचं सगळं पणाला. नंतर मनोविश्लेषकाच्या खोलीत रुग्ण जुन्या गोष्टी आठवू लागतो, तेव्हा त्याच घटना कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिसतात. भोवतालचं जग पुसून फक्त कृती उरते. मनाचा गुंता दाखवण्याचं काम इथे फेऱ्या मोजणाऱ्या माणसाकडे आलं, आणि ते त्याला जमलं.

गुपितं विकायची की वाटायची

जादूगार आपली युक्ती सांगत नाही. चित्रपटाच्या धंद्यातही ट्रिक हे भांडवल होतं. ते जपायची सगळ्यांची रीत होती. झेबर उलट वागला. तांत्रिक मासिकांत तो सतत लिहीत राहिला, ‘व्यवहारी कॅमेरामन’साठी पुस्तक केलं आणि १९२७ मध्ये ‘डेर ट्रिकफिल्म’ या ग्रंथात आडोसे, उलट फिरवणं, एकेक चित्र घेणं, सगळं आकृत्यांसह मांडून ठेवलं. जुने कॅमेरे आणि प्रोजेक्टरही तो जमवत राहिला, इतरांना ते भंगार वाटत होतं तेव्हा.

१९२५च्या बर्लिन चित्रपट-छायाचित्र प्रदर्शनासाठी यूलिउस पिनशेवरच्या कंपनीकरता त्याने ‘किफो’ ही जाहिरात केली. काही मिनिटांची ही फिल्म म्हणजे स्टुडिओतल्या कामाचीच मिरवणूक: फिरणारी हँडलं, धावणाऱ्या पट्ट्या, एका पडद्यावर मावणारी अनेक चित्रं. मूळ उद्देश तिकिटं खपवायचा. पण आज प्रयोगशील चित्रपटांच्या अभ्यासकांना ती मोलाची वाटते.

पुढची वर्षं सुखाची नाहीत. बोलपट आला, पक्षाघाताने शरीर अधू झालं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच ऊफाने ज्यू कर्मचाऱ्यांना काढून टाकायला सुरुवात केली. पिनशेवर स्वित्झर्लंडला गेला. ‘प्रागचा विद्यार्थी’तली मार्गिट, ग्रेटे बेर्गर, १९४४ मध्ये आउशवित्झला मारली गेली. आस्टा नील्सन डेन्मार्कला परतली. एवर्स आणि क्राउस नव्या सत्तेच्या उपयोगी पडले. झेबर बर्लिनमध्येच राहिला आणि १९३५ पासून त्याच ऊफाच्या ट्रिक विभागाचा प्रमुख म्हणून काम करू लागला. २ जुलै १९४० रोजी तो गेला. १९७९ मध्ये, जन्मशताब्दीला, बर्लिनच्या डॉइचे किनेमाटेकने त्याच्यावर ग्रंथ काढला, तेव्हा कुठे तळटीपेतलं नाव मजकुरात आलं.

दिग्दर्शकाच्या नावाने चित्रपट ओळखायची आपली सवय आता सुटणं कठीण. तिचा एक तोटा असा, की कल्पना आणि घडण यांत आपण कल्पनेलाच कला म्हणतो आणि घडणीला मेहनत. एवर्सने आरशातून माणूस बाहेर येईल असं लिहिलं. लिहायला एक ओळ पुरते. ती ओळ खरी व्हायला कुणीतरी फिल्म बरोबर पहिल्या खुणेवर परत आणावी लागते. जर्मन मूकपटाला दुभंगलेल्या माणसाचं वेड होतं हे खरं, पण तो माणूस नेमका मधोमध दुभंगला आणि शिवण दिसली नाही, हे झेबरचं. शिवाय ती कशी घालायची हे त्याने पुढच्यांसाठी लिहून ठेवलं, आणि त्याच्यासारखं काम करणाऱ्या प्रत्येकाला ते फुकट मिळालं.